पौषातली ती कोर

२४ डिसेंबर १९६८. आपल्या जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. दुपारी साडेतीनच्या सुमारास अपोलो ८ चंद्राच्या कक्षेत शिरलं आणि फ्रँक बोरमन, जिम लोव्हेल, बिल अँडर्स तिथे वीस तास फेऱ्या मारत राहिले. त्या संध्याकाळी चंद्र म्हणजे चार-पाच दिवसांची कोर. अलिबागच्या समुद्रावर उभं राहिलं की समोरच!

अमेरिकेत लोकांनी हे टीव्हीवर पाहिलं. आपल्याकडे मुंबई दूरदर्शनच सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. तोवर रेडिओ आणि पेपर, बस्स.

हे उड्डाण म्हणजे चाचणीच होती. सॅटर्न ५ रॉकेटवर माणसं बसण्याची पहिलीच वेळ. आधीच्या, एप्रिलमधल्या उड्डाणात दोन इंजिनं मध्येच बंद पडलेली. चंद्रापासून परत निघायला एकच इंजिन. ते पेटलं नाही तर संपलं. एका इंजिनाच्या भरवशावर लांब जाणं काय असतं, हे आपल्या कोळीवाड्यांना सांगायला नको.

तरी आज गावात विचारा, लोक आर्मस्ट्राँगच सांगतात. बरोबर आहे, ऑक्टोबर १९६९ मध्ये अपोलो ११ चे तिघे मुंबईत येऊन गेले, लोकांनी त्यांना डोळ्यांनी पाहिलं. अपोलो ८ नुसतं ऐकलेलं.

तिथीवरून भरती-ओहोटी सांगणारे आपले तांडेल तेव्हा काय म्हणाले असतील? खरं वाटलं असेल की थाप? तेव्हाची तरुण पोरं आता ऐंशीच्या आसपास आहेत. घरात कुणी असेल तर आजच विचारा, आणि सांगतील तसं, त्यांच्याच बोलीत लिहून ठेवा.