वाचकाची यादी

मार्च १९९९ मध्यें नेटस्केप या अमेरिकन कंपनीनें ‘आर. एस. एस.’ ही पद्धति प्रथम प्रसिद्ध केली. तिच्या जनकांपैकीं रामनाथन् गुहा हे मद्रासच्या आय. आय. टी.चे पदवीधर, हें आवर्जून नमूद करावेंसें वाटतें. संकेतस्थळानें नव्या लेखांचीं शीर्षकें व दुवे एका फाइलींत मांडावे, आणि वाचकाच्या ‘फीड रीडर’नें ती वेळोवेळीं तपासून नवें तेवढें त्याच्यापुढें ठेवावें, इतकीच ती युक्ति. कोणाचें वाचावें हें वाचकानें ठरवावयाचें. मध्यें अडत्या नाहीं. २००५ सालीं गूगलनें आपला ‘रीडर’ फुकट दिला, आणि असंख्य वाचकांनीं आपल्या याद्या त्याच्या स्वाधीन केल्या. वापर घटल्याचें कारण दाखवून १ जुलै २०१३ रोजीं कंपनीनें त्याला टाळें ठोकलें. तेव्हां पद्धतिच निमाली अशी हाकाटी झाली. ती आम्हांस मान्य नाहीं. ती पद्धति कोणा एका दुकानाच्या मालकीची नव्हतीच. पॉडकास्टचे नवे भाग आजहि तिच्याच वाटेनें श्रोत्यांकडे येतात.