घाट दमाने चढायचा

रहाटणीतून काळेवाडीमार्गे पवना ओलांडली की थोड्याच वेळात जुना मुंबई-पुणे रस्ता लागतो. आज तो कारखाने, उड्डाणपूल आणि सिग्नल यांच्या गर्दीत हरवल्यासारखा वाटतो. परंतु सायकलपटूंच्या लेखी त्याची ओळख वेगळी आहे. १९४५ साली सुरू झालेली मुंबई-पुणे सायकल शर्यत याच रस्त्याची. मधली काही वर्षे ती भरली नाही, तरी तिचे नाव कायम राहिले. या शर्यतीत पहिल्या येणाऱ्याइतकाच मान आणखी एकाला मिळतो. बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. राजा होण्यासाठी दहा-बारा किलोमीटरच पुरतात, पण घाटमाथ्यावरून पुणे अजून साठ-पासष्ट किलोमीटर दूर असते. साहजिकच घाटाचा राजा आणि शर्यतीचा विजेता एकच असेल असे नाही.

शाळांच्या किंवा हौशी मंडळांच्या छोट्या डोंगराळ शर्यतींतही हाच पेच लहान प्रमाणात असतो. शक्ती कुठे खर्च करायची आणि कुठे राखायची? याचे शास्त्रीय उत्तर मिळायला बराच काळ लागला. त्याचा इतिहास पाहताना सुरुवात घाटापासूनच करावी लागते.

बोरघाटातून चाकाची गाडी सुखरूप नेता येईल असा रस्ता झाला तो १८३० मध्ये. सर जॉन माल्कम हे तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते. कॅप्टन ह्यूज यांच्या देखरेखीखाली त्याच वर्षी जानेवारीत सुरू झालेले काम नोव्हेंबरात पुरे झाले. त्यापूर्वी कोकण आणि देश यांमधला माल मुख्यतः बैलांच्या आणि माणसांच्या पाठीवरून जाई. नंतर १८६३ मध्ये आगगाडी घाट चढली. पायथ्यापासून माथ्यापर्यंत १,८३१ फूट उंची, म्हणजे सुमारे ५५८ मीटर. आणि सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना १ फूट. आपल्याला हा चढ किरकोळ वाटेल, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक असताना तो फार होतो. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडतात. ती गाडी वर ढकलतात आणि काम झाले की सुटी होतात.

सायकलस्वाराला असे जादा इंजिन जोडता येत नाही. त्याचे इंजिन एकच, आणि तेही जेमतेम पाव अश्वशक्तीचे! त्यातून रस्त्याचा चढ रेल्वेपेक्षा जास्त, सरासरी शेकडा चार-पाच, आणि वळणांवर त्याहूनही अधिक. मग जुन्या काळी बिनगिअरची सायकल घेऊन लोक हा घाट चढत कसे?

थोडा हिशोब करू. साध्या काळ्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतात असे धरा. पायडलाचा एक फेरा झाला की सायकल साधारण सव्वापाच ते साडेपाच मीटर पुढे जाते. शेकडा पाचच्या चढावर ताशी १० किलोमीटर वेग ठेवला, तर मिनिटाला पायडलाचे फेरे होतात अवघे एकतीस. स्वार आणि सायकल मिळून ७५ किलो असतील, तर या वेगाला सुमारे १२० वॅट शक्ती लागते. ती फार नाही. पण इतक्या संथ फेऱ्यांतून ती काढायची म्हणजे पायडलावर सरासरी २२ किलो वजनाइतका दाब सतत हवा. पायडल खाली जातानाच्या क्षणी तो जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून स्वार सीटवरून उठतो आणि अंगाचे वजन एकेका पायडलावर टाकत डुलत डुलत चढतो. छातीत दम असतो, पण मांड्या भरून येतात.

या अडचणीवर फ्रान्समध्ये फार पूर्वीच उपाय सुचवला गेला होता. सेंट एतियन गावच्या पॉल द व्हिव्ही नावाच्या गृहस्थांनी १८८७ मध्ये सायकलीला वाहिलेले एक मासिक सुरू केले. व्हेलोसिओ या टोपणनावाने ते लिहीत. एकाहून अधिक गिअर असलेल्या सायकली ते स्वतः वापरत आणि त्यांचा हिरिरीने प्रचार करत. पण १९०३ मध्ये टूर द फ्रान्स सुरू करणाऱ्या आंरी देग्रांज यांना हे मान्य नव्हते. गिअर म्हणजे दुबळ्यांची कुबडी, असा त्यांचा एकूण सूर! १९१० पासून त्यांनी आपल्या शर्यतीतील स्वारांना पिरनीज पर्वताचे प्रचंड घाट चढायला लावले, पण धावता धावता गिअर बदलण्याची सोय मात्र १९३७ पर्यंत मिळू दिली नाही. तोवर स्वार घाटाच्या पायथ्याशी उतरत, मागचे चाक काढत आणि दुसऱ्या बाजूचे मोठे दातेचक्र साखळीत येईल असे ते उलटे बसवत. माझ्या मते देग्रांज यांची चूक तत्त्वाचीच होती. गिअर शक्ती देत नाही. असलेली शक्ती पायाला सोसेल अशा हप्त्यांनी भरायची सोय करतो. मागे पुढच्याइतकेच दाते असले, तर त्याच ताशी १० किलोमीटरला मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे होतात आणि दाब निम्म्याहून कमी होतो.

पायांचा प्रश्न असा सुटला. दमाचा प्रश्न सोडवला शरीरशास्त्रज्ञांनी. डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोघ यांनी १९१३ मध्ये जागच्या जागी चालवायची मोजमापाची सायकल बनवली, आणि माणसाचे काम वॅटमध्ये मोजता येऊ लागले. इंग्लंडच्या ए. व्ही. हिल यांनी १९२५ मध्ये धावण्याच्या आणि इतर शर्यतींच्या विक्रमांचे आलेख काढले. प्रचंड वेग थोडाच वेळ टिकतो, मध्यम वेग पुष्कळ वेळ, आणि या दोहोंमधला उतार अगदी नियमित असतो, असे त्यांना दिसले. झेपेपेक्षा जास्त जोर लावला की शरीर ऑक्सिजनचे जणू कर्ज काढते, ही कल्पनाही त्यांचीच. तिचा तपशील पुढे बदलला. पुढे १९६५ मध्ये फ्रान्सच्या मोनो आणि शेरेर यांनी स्नायूंच्या कामाचा एक सुटसुटीत हिशोब मांडला. प्रत्येकाची एक मर्यादाशक्ती असते आणि ती बराच वेळ टिकते. शिवाय एक छोटी शिल्लक असते. मर्यादेच्या वर गेले की ती खर्च होते, खाली आले की हळूहळू भरते. हाच हिशोब नंतर सायकलीला लावला गेला.

तो आपण बोरघाटाला लावू. खोपोली ते खंडाळा सुमारे ५०० मीटर उंची धरा. ७५ किलो तेवढे वर न्यायला ३६८ किलोज्यूल लागतात (हवा आणि घर्षण तूर्त सोडून देऊ). स्वाराची मर्यादाशक्ती २०० वॅट आणि शिल्लक १५ किलोज्यूल असेल, तर तो घाट साडेएकोणतीस मिनिटांत चढेल. आता हाच स्वार पायथ्याशी लोकांच्या टाळ्या ऐकून २६० वॅटने सुटला तर? दर सेकंदाला शिलकीतून ६० ज्यूल जातात, आणि चार मिनिटे दहा सेकंदांत शिल्लक संपते. तोवर चढून होतात ८८ मीटर. अजून ४१२ बाकी!

इथे चाणाक्ष विद्यार्थी विचारेल, की शिल्लक आधी खर्च केली काय आणि शेवटी केली काय, एकूण वेळ तोच ना? नुसत्या समीकरणात तो तोच येतो, आणि ही शंका वर्गात जरूर चर्चेला घ्यावी. पण समीकरणातला स्वार शिल्लक संपल्यावरही शांतपणे २०० वॅट देत राहतो. खरा स्वार देऊ शकत नाही. श्वास लागलेला, स्नायूंत आम्लता वाढलेली, अशा अवस्थेत तो १५० वर येतो, कधी उतरून चालूही लागतो.

सपाटीवर आणखी एक गोष्ट आड येते. ताशी १२ किलोमीटरला हवेचा रोध दहाएक वॅट खातो, तर ताशी ३६ ला जवळजवळ अडीचशे. वेग तिप्पट झाला तर खर्च सत्तावीसपट! म्हणून चढ-उताराच्या रस्त्यावर जादा जोर लावायचाच असेल तर तो तीव्र चढावर लावावा, सपाटीवर नव्हे. सपाटीवर दुसऱ्याच्या मागे राहून बचत होते, घाटात ती सोय फारशी नसते.

मग आपली मर्यादा ओळखायची कशी? शक्ती मोजणारे उपकरण सायकलीवरच बसवण्याची युक्ती जर्मनीच्या उलरिक शोबेरर यांनी १९८६ मध्ये साधली. ती उपकरणे आजही स्वस्त नाहीत. परंतु स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी त्याआधीच एक फुकटची पट्टी दिली होती. तिच्यात ६ म्हणजे काहीच कष्ट नाहीत, २० म्हणजे कमाल. स्वाराने स्वतःला कसे वाटते ते आकड्यात सांगायचे. निरोगी तरुणाच्या बाबतीत त्या आकड्याची दहापट म्हणजे साधारण नाडीचे ठोके, असा तिचा मेळ. घाटाचा पहिला तिसरा हिस्सा १३-१४ च्या आसपास, म्हणजे तुटक वाक्ये बोलता येतील असा चढावा. पुढे १५-१६, आणि माथा दिसू लागल्यावर उरलेले सगळे.

तयारीबद्दल थोडेसे. रहाटणीसारख्या सपाट भागातल्यांना देहूरोडच्या पुढे घोरावडेश्वराच्या पायथ्याचा चढ सरावाला बरा. खरा घाट मात्र आपल्याकडून आधी उतरावा लागतो, मग चढावा लागतो. सहा-आठ आठवडे, आठवड्यातून एकदा चढाचे चार-पाच फेरे, शेवटचा फेरा पहिल्याइतक्याच वेळात. तसे झाले नाही तर पहिला फार जोरात झाला असे समजावे. शर्यतीच्या आधीचा आठवडा हलका. तास-दीड तासाच्या शर्यतीसाठी खास खाण्याचे स्तोम माजवू नये. वरच्या घाटाला शरीराचा खर्च साडेतीनशे-पावणेचारशे किलोकॅलरी, म्हणजे तीनएक भाकऱ्या. तेवढा साठा अंगात असतोच. पाण्याचे मात्र तसे नाही. २०० वॅट काम करताना सुमारे ६०० वॅट उष्णता होते. ती सगळी घामाने घालवायची तर तासाला जवळजवळ ९०० ग्रॅम घाम लागतो, आणि घाटात वेग कमी म्हणून वाराही लागत नाही.

शाळेत हे दाखवायला सायकलही नको. तीन मजल्यांचा जिना आणि एक घड्याळ पुरते. मुलाचे वजन ४५ किलो, चढण ९ मीटर, वेळ १२ सेकंद: शक्ती सुमारे ३३० वॅट. (दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मुलांना वेळ टिपण्याचे काम द्यावे.) अर्ध्या मुलांना पहिल्या फेरीत जीव तोडून चढायला सांगा, उरलेल्यांना पाचही फेऱ्या सारख्या वेळात करायला सांगा. प्रत्येक फेरीची शक्ती फळ्यावर लिहा, सोबत बोर्गचा आकडाही. दुसऱ्या आठवड्यात गटांची अदलाबदल करून तोच प्रयोग पुन्हा करावा.