पक्षाघातग्रस्तांचे शुश्रूषक

पक्षाघाताचा रुग्ण इस्पितळातून घरी परतला की अंग पुसणे, कूस बदलणे, औषधे देणे, व्यायाम करवून घेणे हा भार बहुधा पत्नी, सून वा मुलीवर येतो. बोरिवली-मुलुंडच्या लहान घरांत तिला विसावा दुर्मीळच. कुटुंबीयांना शिकवून घरीच पुनर्वसन घडवण्याचा प्रयोग भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांबाबत झाला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सहा महिन्यांनंतर मृत्यू वा परावलंबित्व त्याने घटले नव्हते. म्हणून रुग्णात सुधारणा न झाल्यास शुश्रूषकाने स्वतःस दोषी मानू नये. निद्रानाश, पाठदुखी वा औदासीन्य जाणवल्यास त्यानेही वैद्यकीय सल्ला घ्यावा. नातलगांनी शुश्रूषेच्या पाळ्या वाटून घ्याव्यात. रुग्णभेटीस जाणाऱ्यांनी शुश्रूषकाचीही आस्थेने विचारपूस करावी, असे आम्ही सुचवितो.