परदेशातला एक पगार आणि घरची माणसे

इंग्रजी अमदानीत यवतमाळ जिल्ह्याला दीर्घकाळ वणीचेच नाव होते. सरकारी दप्तरांत तो 'वूण' जिल्हा म्हणून लिहिला जाई; १९०५ साली ते नाव जाऊन यवतमाळ आले. जिल्ह्याचे नाव गेले तरी वणीला मिरवण्यासारखे एक नाव कायमचे राहिले, ते लोकनायक माधव श्रीहरी अणे यांचे. २९ ऑगस्ट १८८० रोजी बापूजींचा जन्म या गावी झाला. ते लोकमान्यांचे अनुयायी, १९३० च्या पुसद येथील जंगल सत्याग्रहाचे पुढारी, एवढे आमच्या शाळांतील मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्यांच्या आयुष्यातील सहा वर्षांकडे आमच्या भागात फारसे कोणी वळत नाही. १९४१ साली बापूजी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य झाले, तेव्हा त्यांच्याकडे सोपवलेले खाते होते समुद्रापार गेलेल्या भारतीयांचे. गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी, फेब्रुवारी १९४३ मध्ये, त्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला आणि त्याच वर्षी भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून ते सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेले. १९४७ पर्यंत ते तेथे होते.

या सहा वर्षांची आठवण आज काढण्यास कारण आहे. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांत एक हिशोब मांडला जात असतो. मुलाला किंवा जावयाला बाहेर देशी नोकरी लागलेली असते. पगाराचा आकडा रुपयांत फिरवून पाहिला की डोळे दिपतात. मग प्रश्न येतो : बायको-मुलांना बरोबर न्यावे काय? तिकडे त्या एका पगारात सगळ्यांचे भागेल काय? घरची वडीलधारी माणसे आपल्या अनुभवावरून उत्तर देतात, तरुण मंडळी मित्रांच्या सांगण्यावरून. इतिहासाला मात्र कोणी विचारीत नाही. वास्तविक हा प्रश्न निदान शंभर वर्षांचा जुना आहे, आणि बापूजी ज्या मजुरांचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले त्यांच्या मजुरीच्या दरपत्रकात त्याचे एक उत्तर आकड्यांनिशी लिहिलेले होते.

सिलोनच्या चहा-रबराच्या मळ्यांवर तमिळ मुलखातून मजूर नेले जात. त्यांना नेणारा मुकादम, ज्याला कंगाणी म्हणत, शक्यतो कुटुंबेच्या कुटुंबे घेऊन जाई. एरवी मजुरांच्या स्थलांतरात पुरुष एकटा जातो. येथे बायको, मुले, भाऊ, भावजय सारे जात. वरवर पाहता ही मोठी माणुसकीची पद्धत वाटते. परंतु मळेवाल्यांना कुटुंब हवे होते ते त्याच्या हातांसाठी. चहाची पाने खुडण्याचे काम प्रामुख्याने स्त्रियांचे, आणि मुलेही कामावर असत. भारत सरकारने १९२२ चा देशांतर कायदा केल्यावर मजुरांच्या अटींबद्दल सिलोनशी बोलणी सुरू झाली आणि त्यांतून १९२७ साली भारतीय मजुरांसाठी किमान वेतनाचा कायदा तेथे झाला. १९२९ पासून दर लागू झाले. उंचावरील मळ्यांत पुरुषाला दिवसाला ५४ सेंट, स्त्रीला ४३ आणि मुलाला ३२ असे ते दर होते.

आम्ही हे आकडे कागदावर मांडून पाहिले. महिन्याचे २६ दिवस काम मिळाले असे धरले, तर पुरुषाचे १४ रुपये ४ सेंट होतात, बाईचे ११ रुपये १८ सेंट, एका मुलाचे ८ रुपये ३२ सेंट. तिघांचे मिळून ३३ रुपये ५४ सेंट. घरात येणाऱ्या शंभर पैशांपैकी घरधन्याचे जेमतेम बेचाळीस! उरलेले अठ्ठावन्न बायको आणि मूल मिळवीत. तांदूळ मळ्याकडूनच मिळे आणि त्याचे पैसे मजुरीतून कापले जात, ते वेगळेच. या दरांचा आम्ही लावलेला अर्थ असा की, पुरुषाच्या मजुरीत बायकोच्या पोटाचा हिशोब धरलेलाच नव्हता; तिने आपले पोट आपल्या हातांनी भरायचे होते. कुटुंब परदेशी गेले, एकत्र राहिले, हे खरे. एका पगारात मात्र ते कधीच राहिले नाही. बाळंतपण आले, पोर तापाने पडले, की दर दिवसाला त्रेचाळीस सेंटांची खोट.

मलायातील रबराच्या मळ्यांवरही पुरुषाचा दर वेगळा, स्त्रीचा वेगळा, असेच होते. श्रीनिवास शास्त्री यांनी तेथे जाऊन १९३७ साली अहवाल दिला, त्यात पुरुषांना ५० व स्त्रियांना ४० सेंट हे मंदीपूर्वीचे दर पुन्हा द्यावेत अशी शिफारस होती. पुढे भारत सरकारने १९३८ मध्ये मलायाला आणि १९३९ मध्ये सिलोनला अकुशल मजूर जाण्यास बंदी घातली. बापूजींकडे खाते आले ते या बंदीच्या काळात.

आता याच काळातील दुसरे टोक पाहू. १९०७ साली ऑस्ट्रेलियात न्यायमूर्ती हिगिन्स यांच्यापुढे शेतीची यंत्रे बनविणाऱ्या एका कारखान्याचे प्रकरण आले. साध्या कामगाराची न्याय्य मजुरी कोणती, हे त्यांना ठरवायचे होते. मालकाला किती परवडते हे न पाहता, सुसंस्कृत समाजात राहणाऱ्या माणसाला पत्नी व तीन मुलांसह साधेपणाने पण समाधानाने जगण्यास किती लागेल, यावरून त्यांनी दिवसाला सात शिलिंग हा दर ठरविला. सोळा वर्षांपूर्वी, १५ मे १८९१ रोजी, पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह होईल एवढी मजुरी मिळालीच पाहिजे, मग करारात काहीही ठरलेले असो, असे सांगितले होते. पुढे १९३१ च्या 'क्वाद्रागेसिमो आन्नो' या परिपत्रकात पोप पायस अकरावे यांनी ती मजुरी कामगाराच्या कुटुंबालाही पुरेल एवढी असावी, असे स्पष्ट केले आणि लहान मुलांच्या व मातांच्या श्रमांचा गैरफायदा घेण्यास दोष दिला. (हिगिन्स यांच्या पद्धतीत एक उणीव होती. पुरुषाला कुटुंबाचे वेतन द्यायचे म्हटल्यावर बाईला कमी देण्यास सबब मिळाली.)

परंतु त्याच ऑस्ट्रेलियाने १९०१ साली परदेशी लोकांच्या प्रवेशावर निर्बंध घालणारा कायदा केला होता आणि तो आपल्यासारख्यांना बाहेर ठेवण्यासाठीच वापरला गेला. एका पगारात कुटुंब जगावे असा न्याय जेथे झाला, तेथले दार आपल्या माणसांना बंद होते. ज्या देशांची दारे उघडी होती, तेथे एका पगाराचा विचारच कोणी केलेला नव्हता. आमच्या मते समुद्रापार गेलेल्या भारतीय कुटुंबाची सगळी कहाणी या विषमतेत आहे.

वणीकरांना हे समजण्यास समुद्र ओलांडण्याची गरज नाही. आपल्या पायाखाली कोळसा आहे. देशातील अनेक कोळसा खाणींत पूर्वी नवरा-बायकोची जोडी काम करी : तो कोळसा फोडी, ती टोपली भरून वाही. स्त्रियांना जमिनीखाली उतरविणे बंद करण्याचे नियम १९२९ साली झाले आणि १९३७ पर्यंत त्यांची पूर्ण अंमलबजावणी झाली. धर्माच्या व माणुसकीच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण बायकोची मजुरी गेल्यावर नवऱ्याची मजुरी तेवढ्याने वाढली नाही, आणि खाणकामगाराचे घर एका अपुऱ्या पगारावर आले. महायुद्धात कोळसा कमी पडू लागला तेव्हा १९४३ मध्ये ही बंदी उठविण्यात आली. त्या वेळचे मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४४ मध्ये विधिमंडळात त्या निर्णयाची बाजू मांडताना, या स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल हे तत्त्व आवर्जून सांगितले. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली.

एका पगारावर घर चालू शकते, हा विश्वास आमच्या भागात रुजला तो मुख्यतः १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर आणि १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कंपनी स्थापन झाल्यानंतर. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. खाणीतल्या नोकरीत पगाराच्या आकड्याबाहेरचे पुष्कळ काही असते : क्वार्टर, दवाखाना, भविष्य निर्वाह निधी. शिवाय आजी शेजारच्या गावी असते, घरचे धान्य येते, मूल आजारी पडले तर शेजारीण धावते. हे सारे कोठेही पगारपत्रकावर लिहिलेले नसते. बाहेर देशीच्या पगाराशी तुलना करताना आम्ही आकड्याशी आकडा ताडून पाहतो आणि या न लिहिलेल्या पगाराला विसरतो.

कुटुंब नेण्याऐवजी एकट्याने जाऊन पैसा घरी पाठविण्याचा मार्गही जुनाच. त्याचे धोके बापूजींच्या कारकिर्दीतच उघड झाले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, ८ मार्चला रंगून पडले. ब्रह्मदेशातून लाखो भारतीय पायी, डोंगर-जंगलांतून मायदेशी निघाले आणि त्यांतील हजारो वाटेतच गेले. मलायातून येणाऱ्या पैशांवर ज्यांच्या चुली पेटत त्या घरांचा आधार एकाएकी तुटला. अठ्ठेचाळीस वर्षांनी, २ ऑगस्ट १९९० रोजी, इराकने कुवेत घेतले तेव्हा पुन्हा तेच झाले. अम्मानहून विमानांच्या शेकडो फेऱ्या करून लाखाहून अधिक भारतीयांना परत आणावे लागले. त्यांतील कित्येकांच्या हाती एका पिशवीखेरीज काही नव्हते.

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आखाताची वाट रुळली. तेथील बोलीत एक शब्द आहे, त्याने आम्हांस नेहमी अस्वस्थ केले आहे. गावी बायको आणि चार मुले असलेला माणूसही कंपनीच्या खोलीत एकटा राहत असेल तर तेथे त्याला 'बॅचलर' म्हणतात. सिलोनच्या मळ्यावर कुटुंब हातांसाठी हवे होते; आखाताला ते नकोच होते. म्हणून पगाराची पायरी आखली गेली. संयुक्त अरब अमिरातीत कुटुंब आणण्यास महिना ४००० दिरहम, किंवा ३००० दिरहम व राहण्याची सोय, अशी अट ठेवली गेली. कुवेतने ही पायरी वाढवीत नेली. जानेवारी २०२४ मध्ये ती ८०० दिनारांवर नेली. सौदी अरेबियाने जुलै २०१७ पासून प्रत्येक आश्रितामागे महिना १०० रियाल कर बसविला व तो दरवर्षी शंभराने वाढवून २०२० मध्ये ४०० वर नेला. पत्नी आणि दोन मुले असतील तर वर्षाचे १४,४०० रियाल केवळ एकत्र राहण्याबद्दल! घरभाडे आणि शाळेची फी त्याहून निराळी, कारण आपल्या मुलांना तेथे सहसा फी घेणाऱ्या खाजगी भारतीय शाळांतच जावे लागते. अनेक कुटुंबे त्या सुमारास परत आली, यात नवल नाही.

अमेरिकेत वेगळाच प्रकार. तेथे संगणक क्षेत्रातील तरुणाचा पगार संसाराला पुरतो, पण कायदाच दुसरा पगार येऊ देत नसे. एच-वन-बी व्हिसावर गेलेल्याच्या पत्नीला नोकरीची परवानगी नव्हती. मे २०१५ पासून ती काही थोड्यांना मिळू लागली. एम.एस्सी., बी.एड. झालेल्या आमच्या लेकी तेथे वर्षानुवर्षे घरी बसल्या. त्याची किंमत कोणत्या चलनात मोजायची?

आमच्या समाजात मात्र हिशोबाची दिशा फार पूर्वी बदलली आहे, कारण आमच्याकडे परिचारिका आहेत. पुष्कळ घरांत परदेशी आधी गेली ती बाई. तिच्या पगारावर नवरा आणि मुले मागून गेली, आणि नवऱ्याने पदवी असूनही तेथे मिळेल ते काम धरले किंवा घर सांभाळले. या पुरुषांविषयी आमच्या लेखनात फारसे येत नाही, यायला हवे. कारण एका पगाराचा प्रश्न तेथे उलटा उभा राहतो आणि त्यात मानापमानाचे कितीतरी काटे असतात.

त्यातही देशोदेशीचे नियम बदलत राहतात. ब्रिटनने वृद्धांची व आजाऱ्यांची शुश्रूषा करण्यासाठी बाहेरून माणसे बोलावली. ११ मार्च २०२४ पासून अशा नव्या शुश्रूषा-सेवकांना पती, पत्नी किंवा मुले बरोबर आणण्यास मनाई झाली. नोंदणीकृत परिचारिकांना ती मुभा राहिली. जुलै २०२५ मध्ये तर या कामासाठी परदेशातून नवी भरतीच थांबविण्यात आली. दलालाच्या तोंडी दोन्ही कामांना 'नर्सिंग' हा एकच शब्द असतो. नेमणुकीच्या कागदावर कोणता हुद्दा लिहिला आहे, आश्रितांविषयी काय म्हटले आहे आणि घरभाडे कोणी द्यायचे आहे, या तीन ओळी पगाराच्या आकड्याआधी वाचाव्यात.