शिकवायचे कोठे? पांढुर्णा-सौंसरचा भाषाशिक्षक आणि दोन राज्ये

इंग्रजी विषय घेऊन एम. ए. झालेली मुले हल्ली आम्हांला एक प्रश्न हमखास विचारतात : इंग्रजी शिकवायला कोरियाला जावे की व्हिएतनामला? घरातली वडीलधारी माणसे तो ऐकून हसतात. संत्र्याची बाग सोडून पोरगा कोठल्या कोठे निघाला, असे त्यांना वाटते. आम्हांला मात्र हसू येत नाही. भाषा शिकवून पोट भरायचे तर दोहोंपैकी कोणत्या मुलखात, हा पेच आमच्या दोन तहसिलींना नवा नाही. आमच्या आजोबांच्या पिढीपुढे तो उभा राहिला तेव्हा ते दोन मुलूख आशियातील दोन देश नव्हते, एकाच देशातील दोन राज्ये होती. आणि शिकवायची भाषा मराठी होती. या निवडीचा इतिहास कोणी सलग लिहिलेला आमच्या पाहण्यात नाही, म्हणून आम्हांला ठाऊक आहे तेवढा येथे मांडतो.

छिंदवाडा जिल्ह्याची भूमीच दुमजली आहे. वर सातपुड्याचे पठार आणि घाट उतरले की सौंसर तहसील. पांढुर्णा त्याच सखल पट्ट्यात. कन्हान आणि जाम या आमच्या नद्यांचे पाणी नागपूर जिल्ह्याकडे जाते, आमचा बाजारही तिकडेच जातो. देवगडचे गोंड राजे आणि त्यांच्यामागून आलेले नागपूरकर भोसले यांच्या काळात घाटावरचा आणि घाटाखालचा मुलूख एकाच सत्तेखाली होता. १८५३ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला, आणि पुढे छिंदवाडा जिल्हा नर्मदा विभागात मोडू लागला. एवढ्या कारभारी फेरफारानेही घाटाखालच्या बोलीत बदल झाला नाही. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात नागपुरी मराठीचा प्रदेश नागपूर जिल्ह्याच्या सीमेवर थांबत नाही. तो छिंदवाड्याच्या दक्षिण भागात शिरतो. सीमा तेथे होती, पण ती कारकुनाच्या दप्तरात होती. मास्तरला ती ओलांडावी लागत नव्हती.

त्या काळी आमच्याकडच्या मुलाला इंग्रजी शिकायचे तर नागपूर गाठणे आले. तेथे हिस्लॉप महाविद्यालय १८८३ पासून आणि मॉरिस महाविद्यालय १८८५ पासून होते. १९०४ पर्यंत परीक्षा कलकत्ता विद्यापीठाची, त्यानंतर अलाहाबादची, आणि १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाल्यावर घरची. पदवीचा कागद कोठूनही येवो, माणूस शिकून परत आला की सौंसरच्या शाळेत इंग्रजी शिकवी, आणि शिकवता शिकवता समजावून सांगे ते मराठीत. नागपूर ही प्रांताची राजधानी. तिथली पदवी इकडे चालेल का, हा प्रश्न उद्भवण्याचे कारणच नव्हते.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षे तर स्थिती आणखी अनुकूल झाली. मध्य प्रांत-वऱ्हाडाचे नाव १९५० मध्ये मध्य प्रदेश झाले, राजधानी नागपूरच राहिली, आणि त्याच वर्षीच्या राजभाषा कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राज्यकारभारात स्थान मिळाले. आज ‘मध्य प्रदेशात मराठी कशाला?’ असे कोणी म्हणाले की आम्ही या कायद्याची आठवण करून देतो. मध्य प्रदेश या नावाच्या पहिल्या राज्याची एक राजभाषा मराठी होती, हे पुष्कळांना खरे वाटत नाही.

मग राज्य पुनर्रचना आयोग आला. न्या. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर यांनी ३० सप्टेंबर १९५५ रोजी अहवाल दिला. त्यांनी मराठी भाषक आठ जिल्ह्यांचे स्वतंत्र विदर्भ राज्य सुचवले. ते झाले नाही. पण हे आठ जिल्हे मात्र तसेच्या तसे उचलले गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा हे जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. सीमा आखताना आयोगाने सर्वसाधारणपणे जिल्हा हा घटक धरला होता. छिंदवाडा जिल्हा समग्र घेतला तर हिंदीचा. म्हणून तो मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याच्या पोटात सौंसर तहसीलही राहिली. शेजारी बैतूल जिल्ह्यातील मुलताईच्या मराठी भाषकांची कथा वेगळी नाही. तहसील हा घटक धरला असता तर काय झाले असते, हा प्रश्न निदान विचारण्याजोगा होता.

तो विचारला गेला, पण दुसऱ्या सीमेवर. आंध्र आणि मद्रास यांच्या वादात हरी विनायक पाटसकर यांनी खेडे हा घटक, भाषक बहुमत आणि भौगोलिक सलगता ही सूत्रे लावली. त्यांच्या निवाड्यावर १९५९ मध्ये संसदेने कायदा केला आणि त्यानुसार गावांची अदलाबदल झाली. हे पाटसकर मराठी गृहस्थ. आणि १९५७ ते १९६५ या काळात ते भोपाळला मध्य प्रदेशचे राज्यपाल होते. खेड्याच्या घटकाचा कर्ता भोपाळच्या राजभवनात राहत असताना सौंसरची खेडी मात्र जिल्ह्याच्याच मापाने मोजलेली राहिली. राज्यपालांनी सीमा बदलायच्या नसतात, हे आम्ही जाणतो. तरी हा योगायोग मनातून जात नाही.

आता मास्तरकडे वळू. पुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमात जुन्या राज्याच्या सरकारी नोकरांची वाटणी कशी करायची ते सांगितले होते. कोणता नोकर कोणत्या राज्याच्या वाट्याला द्यायचा याचा अंतिम निर्णय केंद्राचा. आणि त्याच्या सेवेच्या अटी केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून त्याला तोटा होईल अशा रीतीने बदलायच्या नाहीत, असे संरक्षणही होते. सरकारी शाळेतल्या शिक्षकाचे नाव निदान या वाटणीच्या यादीत तरी आले. प्राथमिक शाळेच्या गुरुजींचे तसे नव्हते. १९४८ च्या कायद्याने तहसिलीतहसिलीला जनपद सभा स्थापन झाल्या होत्या. त्यांच्या शाळेतला गुरुजी हा स्थानिक संस्थेचा नोकर. शाळा जेथे राहिली तेथे तो राहिला. त्याने मराठीतून शिकवण्याची पात्रता मिळवली ती एका राज्यात, आणि एके सकाळी तो जागचा न हलता दुसऱ्या राज्यात शिकवू लागला. १९५७ मध्ये नव्या मध्य प्रदेशाचा राजभाषा कायदा झाला. त्यात राजभाषा एकच : हिंदी.

ज्यांच्याजवळ नागपूरची पदवी होती आणि पाय मोकळे होते ते नरखेडला, काटोलला, सावनेरला गेले. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. राहिलेल्यांनी अर्धशतकभर मराठी शाळा चालवल्या. बाहेर पडलेल्यांची नावे पुढे तिकडच्या शाळांच्या फलकांवर लागली. राहिलेल्यांची कोठेच लागली नाहीत, हे मात्र नमूद केले पाहिजे.

कायद्याने भाषिक अल्पसंख्याकांना काहीच दिले नाही असे नव्हे. वर्गात १० किंवा शाळेत ४० मुले एखाद्या मातृभाषेची असली तर त्या भाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी, असे शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने १९४९ मध्येच ठरवले होते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० क हे कलम येऊन या सोयीला संविधानाचा आधार मिळाला, आणि ३५० ख कलमाने तिच्यावर लक्ष ठेवणारा विशेष अधिकारी दिला. परंतु या सर्व व्यवस्थेत मोजली जातात ती मुले. शिक्षक कोठून येणार, मराठीतून शिकवण्याचे प्रशिक्षण त्याला कोण देणार, तो निवृत्त झाल्यावर त्या जागी मराठी जाणणाराच येईल याची हमी कोण देणार, हे कोठे लिहिलेले नाही. आम्ही ज्या शाळेत शिकलो तेथे मराठीचे गुरुजी निवृत्त झाले. जागा रिकामी राहिली. मराठीचा तास हिंदीच्या गुरुजींनी घेतला, मग तो तासही गेला. पालकांनी मुले दुसरीकडे घातली. काही वर्षांनी उत्तर मिळाले की, मुलेच नाहीत तर शिक्षक कशाला? क्रम उलटा सांगितला गेला होता. आधी शिक्षक गेला, मग मुले गेली.

शतकाच्या अखेरीस या कथेत इंग्रजी शिरली. १९९० च्या दशकात मध्य प्रदेशाने नियमित शिक्षकांच्या जागी शिक्षाकर्मी नेमण्यास प्रारंभ केला : काम तेच, मानधन कितीतरी कमी, नेमणूक पंचायतीची. महाराष्ट्राने २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आणली. तीन वर्षे ठरावीक मानधनावर काढायची, मग नियमित वेतनश्रेणी. दोन्ही राज्यांनी शिक्षकाला स्वस्त केले. पण एका बाजूला तीन वर्षांची मुदत दिसत होती, तर दुसऱ्या बाजूचा शिक्षक शिक्षाकर्मी, संविदा, अध्यापक अशी नावे बदलत आंदोलने करीत राहिला. तरुणाला हा हिशेब कळतो. त्याच सुमारास, शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या कारकिर्दीत, महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. तोवर मराठी शाळेत ती पाचवीपासून असे. आता खेडोपाडी असा गुरुजी हवा होता ज्याला मुलांची मराठी कळते आणि इंग्रजीही येते. पांढुर्णा-सौंसरचा पदवीधर त्या मापाला अगदी बसणारा. घरात मराठी, शाळेत हिंदी, महाविद्यालयात इंग्रजी.

तरीही दार उघडत नाही. संविधानाचे १६ वे कलम सरकारी नोकरीत जन्मस्थान आणि निवास यांवरून भेद करू देत नाही, आणि निवासाची अट घालण्याचा अधिकार केवळ संसदेला देते. प्रत्यक्षात अर्ज भरताना अधिवासाचा रकाना समोर येतो. जातीचे प्रमाणपत्रही सीमेवर निकामी होते. एकच जात दोन्ही राज्यांच्या यादीत असली, सोयरीक अलीकडे-पलीकडे होत असली, तरी मध्य प्रदेशाच्या दाखल्यावर महाराष्ट्रात आरक्षण मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाची भूमिकाही १९९० पासून तशीच आहे. कर्नाटक सीमेवरील ८६५ वादग्रस्त गावांच्या रहिवाशांना महाराष्ट्र शासन नोकरीत आपले मानते, आणि ते योग्यच आहे. आमच्या गावांवर महाराष्ट्राने कधी दावाच सांगितलेला नाही. म्हणून आम्ही वादग्रस्तही नाही आणि आपलेही नाही. सीमेपलीकडच्या वाचकांनी या वाक्यावर रागावू नये. ते तक्रार म्हणून नव्हे, स्थिती म्हणून लिहिले आहे.

येथे कोरियाचा दाखला उपयोगी पडतो. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा नेहमीचा परवाना मिळतो तो सात देशांच्या नागरिकांना : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. तुमचे इंग्रजी कसे आहे हा पुढचा प्रश्न. पहिला प्रश्न पारपत्र कोणत्या देशाचे, हा. भारतीयांसाठी तेथे एक खिडकी उघडली, कारण दोन सरकारांमध्ये करार झाला. १ जानेवारी २०१० पासून अमलात आलेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारात पदवी आणि अध्यापनाची पात्रता असलेल्या भारतीयाला साहाय्यक इंग्रजी शिक्षक म्हणून वाव ठेवला आहे. म्हणजे हजारो किलोमीटर दूरच्या देशाशी आपल्या शिक्षकासाठी करार होऊ शकला. पांढुर्ण्याहून नागपूर रेल्वेने सुमारे शंभर किलोमीटर. सौंसरहून त्याहूनही जवळ. त्या अंतरासाठी भोपाळ आणि मुंबई यांच्यात असा कागद झालेला नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये एक गोष्ट मात्र बदलली. पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. ज्या घटकाने १९५६ मध्ये आम्हांला बुडवले तो घटक आता आमच्याच आकाराचा आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मान्य झालेल्या संरक्षणांत दोन आकडे आहेत. ज्या भागात अल्पसंख्य भाषेचे लोक निदान १५ टक्के आहेत तेथे महत्त्वाचे सरकारी नियम आणि सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध करायच्या. आणि जिल्ह्यात ते ६० टक्के किंवा अधिक असतील तर ती भाषा त्या जिल्ह्यापुरती जोडीची राजभाषा मानता येते. छिंदवाड्याच्या पोटात असताना दुसऱ्या आकड्याचा विचारही व्यर्थ होता. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे १२ लाखांहून अधिक होते. नव्या पांढुर्णा जिल्ह्याचे माप येत्या जनगणनेत प्रथमच स्वतंत्रपणे घेतले जाईल. त्या वेळी आपली मातृभाषा आपल्या तोंडाने सांगावी, एवढेच आम्ही सांगत फिरतो. ज्यांची मातृभाषा गोंडी आहे त्यांनी गोंडीच सांगावी, पवारी असेल त्यांनी पवारी. दुसऱ्याची भाषा आपल्या रकान्यात ओढून आकडा वाढवणे आम्हांला मान्य नाही. १९५६ मध्ये आमच्याशी तेच झाले होते.

कोरिया की व्हिएतनाम असे विचारणाऱ्यांपैकी एक मुलगा शेवटी कोठेच गेला नाही. पलीकडच्या एका खासगी इंग्रजी शाळेत त्याला जागा मिळाली. तेथे अधिवासाचा दाखला मागितला नाही, आणि पगारही तसाच आहे. सकाळच्या गाडीने तो नरखेडला उतरतो, दिवसभर मराठी मुलांना इंग्रजी शिकवतो आणि संध्याकाळी परत येतो. त्याच्या गल्लीतल्या शाळेत मराठीची जागा अजून रिकामी आहे.