नगरच्या किल्ल्यांत सूर्यमाला

आमच्या प्राचीन ज्योतिष्यांना ग्रहांविषयीं किती ज्ञान होतें, या प्रश्नास एक पक्ष ‘सर्व कांहीं’ असें उत्तर देतो, तर दुसरा ‘कांहींच नाहीं’ असें म्हणतो. ग्रहांचीं अंतरें जमिनीवर मांडून पाहिलीं, म्हणजे दोन्ही पक्षांचा आग्रह ढिला पडतो.

याकरितां अहिल्यानगरचा, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचा, भुईकोट किल्ला मनांत आणूं. हुसेन निजामशहानें सोळाव्या शतकांत दगडी तट घातलेल्या या किल्ल्याचा घेर मैलाहून किंचित् अधिक आहे. अर्थात् मध्यापासून तट सरासरी पावणेनऊशें फुटांवर येतो. मध्यभागीं नऊ इंच व्यासाचा गोळा हा सूर्य मानला, तर पृथ्वी म्हणजे ८० फुटांवरील मोहरीचा दाणा होय. मंगळ १२२, गुरु ४१६ व शनि ७६३ फुटांवर. म्हणजे सर्व तटाच्या आंतच.

आतां सूर्यसिद्धांत व भास्कराचार्यांचा सिद्धांतशिरोमणि (इ. स. ११५०) यांची मांडणी पाहूं. तेथें मध्यभागीं पृथ्वी असून सर्व ग्रह दररोज सारखींच योजनें चालतात असें गृहीत धरलें आहे. म्हणून ज्याचा भगणकाल मोठा, त्याची कक्षा त्याच प्रमाणांत मोठी. सूर्य ८० फुटांवर ठेवला, तर गुरु ९४९ फुटांवर, तटाबाहेर पडतो. आणि शनि जातो २,३५७ फुटांवर, जवळजवळ आजच्या नेपच्यूनच्या जागीं!

मग भगणकाल चुकले होते काय? मुळींच नाहीं. सूर्यसिद्धांताप्रमाणें शनीचा भगणकाल १०,७६५.८ दिवस, आजचें मान १०,७५९.२. चंद्राचें अंतरहि त्या ग्रंथांत पृथ्वीच्या सुमारें ६४ त्रिज्या येतें. खरें ६० आहे. चंद्राचें लंबन ग्रहणांत प्रत्ययास येतें. सूर्याचें इतकें सूक्ष्म, कीं नुसत्या डोळ्यांस तें सांपडत नाहीं. त्यामुळें सूर्य चंद्राच्या सुमारें ३८९ पट दूर असतां ग्रंथांत तो अवघा साडेतेरा पट दूर राहिला.

इ. स. १६१९ मध्यें केप्लरनें दाखविलें कीं, भगणकालाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणांत असतो. त्या नियमानें शनि साडेएकोणतीस पटींवरून साडेनऊ पटींवर आला. पुढें १६७२ मध्यें कॅसिनी व रिशे यांनीं पॅरिस व केयेन येथून मंगळाचें लंबन घेतलें, तेव्हां या प्रमाणांस मैलांचें माप मिळालें.

आमच्या ज्योतिष्यांनीं काल मोजला आणि अंतर मानलें. जें मोजलें तें आजहि टिकून आहे. जें मानलें तें गेलें. एखाद्या शाळेच्या मैदानावर दोरी व खुंट्या घेऊन मुलांकडून ही मांडणी करविली, तर पूर्वजांचा अभिमान कोठें धरावा व कोठें आवरावा, हें त्यांना आपोआप कळेल.