‘कधीच’, ‘कोणीच’ आणि जंजिरा

‘जंजिरा कधीच कोणीच जिंकला नाही.’ मुरुडजवळ राजपुरीच्या धक्क्यावरून होडीत बसलं की हे वाक्य कानावर पडतंच. ट्रेकच्या वर्णनांत आणि ग्रुपवरच्या फॉरवर्ड्समध्येही तेच.

आता मंडळी, आपल्या धंद्यात कोणी ‘हे फंक्शन कधीच फेल होत नाही’ म्हटलं की आपण काय करतो? एक टेस्ट केस शोधतो. एकच पुरते. जंजिऱ्यालाही ती लावून बघू.

पहिली केस अगदी सुरुवातीचीच. बेटावर आधी कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता, राम पाटलाचा. निजामशाहीच्या पीरमखानाने तो घेतला. दारूच्या पिंपांतून माणसं आत नेली, अशी कथा सांगतात. कथा बाजूला ठेवा, पण बेटाचा ताबा गेला हे खरं. म्हणजे ‘कधीच’ तिथेच संपलं.

दुसरी केस १६७०-७१ च्या सुमाराची. किल्ला शिवाजीमहाराजांच्या हवाली करायची बोलणी फत्तेखानाने चालवली होती. त्याच्याच सहकाऱ्यांनी, संबूल, कासम आणि खैर्यत यांनी, त्याला कैद करून सत्ता घेतली आणि मुघलांचा आश्रय धरला. त्या वेळी किल्ला वाचला तो तटामुळे नाही, आतल्या बंडामुळे.

मग खरं काय उरतं? शिवाजीमहाराजांनी प्रयत्न केले, शेजारच्या बेटावर पद्मदुर्ग बांधला. १६८२ मध्ये संभाजीराजांनी समुद्रात भराव टाकायला घेतला, पण मुघल फौज कल्याणकडे उतरल्यामुळे त्यांना परतावं लागलं. पेशवाईत १७३३ ला रायगड सिद्दीकडून परत आला, १७३६ मध्ये चिमाजीअप्पांशी झालेल्या लढाईत सिद्दी सात मारला गेला, तरी जंजिरा हाती आला नाही. शेवटी १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, तेही लढाई न होता.

म्हणून वाक्य असं लिहावं: ‘मराठ्यांना जंजिऱ्याचा दगडी किल्ला लढून घेता आला नाही.’ थोडं लांब आहे, पण कोणी पाडू शकत नाही. आणि ‘का नाही?’ हा पुढचा प्रश्नही त्यातूनच सुचतो. ‘अजिंक्य’ म्हटलं की प्रश्नच संपतो.

इथवर नुसती शब्दांची काटछाट वाटेल. पण याच सवयीने लिहिलेलं दुसरं वाक्य जास्त त्रासदायक आहे: ‘सिद्दी सगळे परके, सगळे स्वराज्याचे शत्रू.’ इथे ‘सगळे’मध्ये दगड नाहीत, माणसं आहेत. १६६० मध्ये पन्हाळ्याचा वेढा फोडायला सिद्दी जौहरवर चालून गेलेल्यांत नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल होता, त्याचा मुलगा वाहवाहसुद्धा. त्याआधी १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे लढले ते हबशी मलिक अंबरच्या बाजूने. जंजिऱ्याच्या सिद्दींचं मराठ्यांशी वैर होतं आणि त्यांच्या स्वाऱ्यांनी कोकणातल्या लोकांना फार सोसावं लागलं, हे ठामपणे लिहाच. पण कोणी, कुठे, कधी, हे सांगून लिहा.

आपल्याला वाटतं, ‘सगळे’ आणि ‘कधीच’ घातलं की मुद्दा वजनदार होतो. प्रत्यक्षात समोरच्याला एक सिद्दी हिलाल सापडला की पुरे. मग आपल्या लेखातलं खरं असलेलंही तो ऐकत नाही.

असो. पुढच्या वेळी किनाऱ्यावरून पद्मदुर्गही बघा. फोटो सगळे जंजिऱ्याचेच काढतात.. बरं, बहुतेक जण!